चालणाऱ्यांच्या वेगाने

“डोळे मीट, चिमटे. आता सांग — वरून, की खालून?”

हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा. ती तेव्हा सात वर्षांची होती, लाकडी स्टुलावर उभी. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, मूठ तिच्या कानावर, आणि दुसऱ्या कानावर बाबांचा तळवा — गरम, खरखरीत, तेलाच्या वासाचा. त्या लोखंडी दांड्यातून इंजिन थेट डोक्यात यायचं. वरची टिकटिक हलकी, कुणी भराभर सुयांनी विणत बसल्यासारखी. खालचा आवाज मात्र जड... बंद दारावर आतून कुणी मूठ आपटावी तसा.

“खालून,” ती म्हणाली होती.

बाबांनी तिला स्टुलासकट उचलायचंच बाकी ठेवलं होतं. “ऐकलंत का रे? माझ्या पोरीला ऐकू येतं.”

ऐकणारे तेव्हा पाच कारागीर होते. आता त्या वर्कशॉपमध्ये दोघंच उरली होती. बाबा, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, आणि ती. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. चिमटी हे नाव तेवढं टिकलं होतं. इंजिनाच्या सांदीत पडलेला नट लहानपणी तिच्याच बोटांना काढता यायचा, म्हणून पडलेलं.

तर त्या धुक्याच्या सकाळी एक लांब काळी गाडी मागे घेत घेत अंगणात आली. इतकी सावकाश, की वाटेत झोपलेली मांजर जागी झाली, तिने आळस दिला, पाठ चाटली आणि मगच बाजूला झाली. गाडी तोवर थांबून होती.

खाली उतरलेला माणूस तिशीचा असेल. पांढरा स्वच्छ सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

“मिस्त्री आहेत?”

“न्याहारी करताहेत. काम मला सांगा.”

“तेलाचा दिवा लागतोय.”

“केव्हा लागतो?”

“मागून लोक चालत असतात तेव्हा.”

थट्टा करतोय की काय, म्हणून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग गाडीच्या मागच्या लांब काचेकडे पाहिलं, आणि तिला गाडी ओळखू आली. शववाहिनी. तीन महिन्यांपूर्वी इथेच तिचं इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधलं होतं. तेव्हा ड्रायव्हर दुसरा होता.

“जुने काका कुठेत?”

“घरी बसले. म्हणाले, इंजिन नवं झालं आणि मी तसाच राहिलो, आमचं आता जमायचं नाही.”

“आणि आत्ता... आत कुणी आहे?”

“नाही. असतं तरी त्यांनी घाई केली नसती.”

शववाहिनीच्या दारात उभं राहून हसू नये एवढं तिला कळत होतं. तरी नाकातून हसू फुटलंच — आणि ते त्याने पाहिलं. पाहून त्याने नजर खाली घेतली, आपलंच काहीतरी सांडल्यासारखी.

त्याला लोक सावकाश म्हणायचे, हे तिला नंतर कळलं.

दिव्याची एकट्याची साक्ष ती कधी धरत नसे. दिवा पेटवणारा सेंडर दोन पैशांची वस्तू. तोही खोटं बोलू शकतो. तिने सेंडर काढून त्या जागी काट्याचा मीटर लावला, त्याची लांब नळी खिडकीतून आत घेतली आणि मीटर मांडीवर धरून त्याच्या शेजारी बसली.

“चला.”

“कुठे?”

“जिथे जाता तिथे. आणि जशी नेता तशीच.”

धुक्यातून गाडी निघाली. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने... त्याहूनही जरा मागे, म्हाताऱ्या माणसाच्या वेगाने. इंजिन थंड होतं तोवर काटा चारवर ताठ उभा होता. लांब भिंतीचा रस्ता लागला तेव्हा दोनवर आला. भिंत संपेस्तोवर एकवर. दफनभूमीच्या फाटकाशी पोचले तेव्हा काटा तळाला टेकला होता, आणि थकल्या माणसाच्या पापणीसारखा थरथरत होता.

दिवा खरं बोलत होता.

“इतर गाड्यांना हे कळलंही नसतं,” ती म्हणाली. “पळत असतात तेव्हा पंपही जोरात फिरतो, दाब मिळतो. तुमची गाडी तापते आणि मग तास तास अशी रांगते. तेल पातळ झालेलं, पंप मंद. कुठे थोडी जरी फट राहिली असेल, तरी तेल तिथून निसटतं आणि दाब पडतो.”

“म्हणजे माझ्या हळू चालवण्याने चोरी पकडली म्हणायची.”

“इतकं हळू चालवायचा कंटाळा नाही येत?”

“घाई असलेलं माणूस माझ्या गाडीत बसतच नाही.”

रस्त्याच्या कडेला एक बाई थांबली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली आणि गाडी पुढे जाईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.

“गाडी रिकामी आहे ना,” चिमटी पुटपुटली.

“मी सांगत नाही कुणाला. त्यांचं कुणीतरी आठवत असेल त्यांना... आठवू दे.”

परतीच्या वाटेवर त्याने न विचारताच सांगितलं. पाठचा भाऊ गेला तेव्हा ज्याने गाडी नेली, त्याला पुढे दुसरीकडे पोचायचं होतं. गाडी पळत होती आणि आई मागून पळत होती. अनवाणी. “ती पडली, उठली, परत पळाली. गाडी काही थांबली नाही.” त्याने गिअर बदलला. “मग मी ठरवलं, ही नोकरी आपण करायची. दुसरं काही मोठं नाही त्यात.”

तिने मीटरकडे पाहिलं. काट्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती पाहत राहिली.

गाडीला मुक्कामाला राहता येत नसे. फोन आला की निघायचं. म्हणून तपास तुकड्यातुकड्याने होऊ लागला. एका खेपेला एकच संशय, असं तिनेच ठरवलं. पहिल्या खेपेला तेल हुंगून पाहिलं, त्यात पेट्रोल उतरून ते पातळ झालं नव्हतं, फिल्टर बदलला. दुसऱ्या खेपेला दाब सोडणारी स्प्रिंग काढून पाहिली. ती अडकली नव्हती, मोडली नव्हती. ही दोन्ही कामं एकाच सकाळी झाली असती. ते तिलाही ठाऊक होतं, पण तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

“डॉक्टर, काय म्हणतोय पेशंट?” तो विचारायचा.

“तुमच्यासारखाच आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही.”

“न विचारता बोललो की तुम्ही हसता. मग गाडीला वाईट वाटतं.”

एकदा तो फुलं घेऊन आला. तिचे हात कोपरापर्यंत काळे. फुलांकडे बघून तिने भुवई उचलली.

“माझी आहेत,” तो घाईने म्हणाला. एवढ्या दिवसांत घाईने म्हणालेली ती एकच गोष्ट. “बाजारातून आणलीत. म्हणजे... कुणावरची नाहीत.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“चेहऱ्याने म्हटलंत.”

तिने ती ग्रीसच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून ठेवली. बाबा दोनदा त्या डब्यापाशी आले, दोनदा काही न बोलता गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “या डब्याला भोक आहे. दुसरा घे.”

तिसऱ्या खेपेला बाबा दवाखान्यात गेले होते, साखर तपासायला. तिने गाडीखाली सरकून तेलाचं चेंबर उतरवलं. जाळी स्वच्छ होती. पंपाचं माप बरोबर होतं. आता एकच जागा उरली. तिने हात वर घातला आणि एकेक कनेक्टिंग रॉड मुठीत धरून वरखाली हलवला. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसरा तिच्या मुठीत ‘टक’ म्हणाला.

ती उताणी पडून राहिली. वरून तेलाचा एक थेंब तिच्या गालावर पडला, तोही तिने पुसला नाही.

हे इंजिन बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. क्रँक म्हणजे रॉड ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा; तो घासून बारीक केला, की त्याला जाड बेअरिंग लागतं. बेअरिंगच्या दोन अर्धगोल फाका असतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर वाढीव जाडीचा बारीक आकडा कोरलेला असतो; या इंजिनाला पंचवीसच्या हव्या होत्या. पाठ कोरी असली तर ती मूळ मापाची, पातळ. बाबा ते आकडे कधी डोळ्यांनी वाचत नसत. नखाने वाचत. फाक बोटांत फिरवायची, पाठीवरून अंगठ्याचं नख ओढायचं आणि म्हणायचं, “पंचवीस. दे पुढची.” लोक मुद्दाम बघायला यायचे. पन्नास वर्षांत एकदाही चूक नाही.

त्या दिवशी फाका हातात द्यायला तीच उभी होती. तिसऱ्या रॉडची खालची फाक बाबांनी फिरवली. नख ओढलं. थांबले... परत ओढलं. त्यांची मान किंचित कलली, जसं अंधारात पायरी शोधताना माणूस पाऊल रोखतो. मग म्हणाले, “पंचवीस.”

ते थांबणं तिने तेव्हाच टिपलं होतं. त्याआधी काही दिवस तिने पाहिलं होतं — उकळत्या चहाचा पेला बाबांनी हातात धरला होता आणि बोटं लाल झाली तरी सोडला नव्हता. हात पुढे करून ती फाक उलटी करायची, बस. एक नजर. पण बाबांच्या हातातून वस्तू घेऊन तपासायची? बाबांच्या?... तिने पुढची फाक दिली होती.

गाडीखालून बाहेर येऊन तिने चेंबर परत चढवलं. एकेक बोल्ट नीट आवळला. मग त्यात नेहमीपेक्षा खूप जाड तेल ओतलं. जाड तेल फटीतून सहज निसटत नाही; दुखणं राहतं, कण्हणं थांबतं.

बाबा दवाखान्यातून आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि तिच्या कानाला तोच लांब स्क्रूड्रायव्हर होता.

“काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं. “वरून, की खालून?”

आतून बंद दारावर मूठ आपटत होती.

“वरून,” ती म्हणाली.

बाबा जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग मान डोलावून आत गेले.

सावकाश गाडी न्यायला आला, तेव्हा दिवा विझलेला होता. “जिंकलात की,” तो म्हणाला. तो इतका मोकळा हसला, की तिला मान वर करवेना.

“एक करा,” ती बोल्टांच्या डब्याशी उगाच चाळा करत म्हणाली. “परत कधी दिवा लागलाच, तर असाल तिथे इंजिन बंद करायचं. पोचू दे म्हणायचं नाही. लगेच.”

“बरा झालाय ना पण?”

“...सांगून ठेवते आपलं.”

त्यानंतर दिवा लागला नाही तरी तो येत राहिला. कधी पुसायचं फडकं मागायला, कधी ते परत द्यायला. अंगणाच्या कठड्यावर बसून दोघं बोलायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो बोलायचा तेव्हा तिच्या जिवाला गारवा लागायचा. आणि तो गेला, की गाडीचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत ती कान देऊन उभी राहायची — त्याच्यासाठी, आणि त्या आवाजाखालच्या आवाजासाठी.

सतराव्या दिवशी तो चालत आला. भर दुपारी, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, गुडघ्यापर्यंत धूळ.

बाबा बाकावर बसले होते. ती काही विचारायच्या आतच तो बोलू लागला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“दिवा लागला. तू म्हणाली होतीस तसं बंद केलं. भिंतीचा रस्ता अर्धा राहिला होता.” तो थांबला. “लहान पेटी होती आज. सहा वर्षांची मुलगी. माणसं फार नव्हती. मग... ढकलली आम्ही. तिचा बापही ढकलत होता. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. तो म्हणाला, तिला सायकल शिकवताना असंच मागून धरायचो.”

छताच्या पत्र्यावर एक पक्षी नखं वाजवत चालला होता, तेवढंच ऐकू येत होतं.

“गाडी ओढून आणू या,” चिमटी म्हणाली. मग ती बाकाकडे वळली. “बाबा. खालून आहे.”

बाबांनी नुसती मान हलवली.

गाडी आली. चेंबर उतरलं. तिसऱ्या रॉडची टोपी सुटली आणि फाक तिच्या तळव्यावर आली. पोटाकडून तांबूस झालेली, ओरखडलेली. पाठीवर काही नाही. कोरी.

“दे इकडे,” बाबा म्हणाले.

त्यांनी ती बोटांत फिरवली. अंगठ्याचं नख पाठीवरून ओढलं. एकदा. दोनदा. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा.

“पंचवीस,” ते म्हणाले. आणि डोळे उघडून त्यांनी तिचा चेहरा पाहिला. “...नाही?”

“नाही, बाबा. कोरी आहे.”

ते हळूच त्या जुन्या स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले, ओळख नसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “आधी टोकं गेली. आता चहा गरम आहे की गार, ते ओठाला लावल्यावर कळतं. म्हटलं, सवयीने होईल. इतकी वर्षं झालंच की.”

“मी बघत होते, बाबा. तुम्ही दोनदा नख ओढलंत. मी नुसता हात पुढे केला असता तर—”

“आणि तू मला वरून म्हणालीस, तेव्हा मलाही कळलं होतं.” त्यांनी तिचं बोलणं मध्येच अडवलं. “तुझा कान चुकायचा नाही, हे जगात कुणाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक आहे. मीही मूग गिळून बसलो, पोरी. माझ्यासाठी तू खोटं बोललीस, ते मी घेतलं.”

फाकांचा डबा त्यांनी तिच्याकडे सरकवला. “यापुढे तू वाच. डोळ्यांनी. मोठ्याने वाच, मला ऐकू येतं अजून.”

क्रँक वाचला होता. दिवा लागताच इंजिन बंद झालं होतं म्हणून. तिने तो भाग तेलाने पुसून, मापून घेतला, सगळ्या फाका बदलल्या. प्रत्येकीची पाठ उजेडात धरून ती आकडा म्हणत गेली आणि बाबा प्रत्येक आकड्याला “हं” म्हणत गेले. भजनातला साथीदार देतो तशी साथ, फक्त आवाज पार खाली गेलेला.

तिसऱ्या दिवशी मीटर मांडीवर घेऊन ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली. ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. गाडी रिकामी होती. चालणाऱ्यांच्या वेगाने ते भिंतीच्या रस्त्याला लागले. जिथून ढकलली होती ती जागा त्याने दाखवली नाही, पण तिला कळली. तिथे त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

भिंत संपली. इंजिन तापून तास झाला होता. काटा दीडवर उभा होता आणि हलत नव्हता.

“बरी झाली,” तो म्हणाला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“बरी होईल ते?”

“नाही. काय बिघडलंय ते. चेंबर पहिल्यांदा उतरवलं, त्याच दिवसापासून.”

गाडी चालत राहिली. त्याने ती ना थांबवली, ना पळवली. भिंतीशी वाढलेलं गवत एकेक पातं मोजता यावं इतक्या हळू मागे सरत होतं.

“मग ते जाड तेल?”

“झाकायला.”

“आणि दिवा लागला तर बंद कर म्हणालीस...”

“तो लागणार हे ठाऊक होतं म्हणून.”

“चिमटे, त्या बापाने गाडी ढकलली.”

“हो.”

तिने माफी मागितली नाही. मागावी असा शब्द तिच्यापाशी नव्हता, आणि असता तरी तो त्याला द्यायचा नव्हता, त्या बापाला द्यायचा होता.

“का केलंस?” त्याने विचारलं.

“बाबांचे हात गेलेत हे बाबांना कळू नये म्हणून.”

रस्त्याच्या कडेला एक म्हातारा थांबला. त्याने टोपी काढली, मान खाली घातली. गाडी त्याच्यापुढून सरकली.

“एवढंच?” सावकाशने विचारलं. त्याची नजर समोर होती.

तिने काट्याकडे पाहिलं. दीड. हललाही नाही. आता तिच्या मदतीला कुठला दिवा येणार नव्हता, कुठलं जाड तेल नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “निम्मं बाबांसाठी. निम्मं... गाडी एकदा बरी झाली, की तू यायचा थांबशील म्हणून.”